पावरीचा दम

सावळीराम पगारे यांच्या घरात खुर्ची एकच होती आणि तिच्यावर माणूस बसत नसे, गाण्याची पेटी बसत असे. पाहुणा आला तर त्याला सतरंजी, साहेब आला तरी सतरंजीच. पेटीवर त्यांच्या बायकोने, सुलाबाईंनी, विणलेला रुमाल असायचा आणि त्या रुमालावर बसायची धुळीचीही हिंमत नव्हती. सावळीराम एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर होते, पण नाशिकरोडला त्यांना फिटर म्हणून कुणी ओळखत नव्हतं. ओळख होती ती 'सावळीराम पगारे आणि पार्टी' या नावाने. कॉलनीतली बुद्ध जयंती असो की दसऱ्याचा धम्मचक्र दिन, सावळीरामांची पेटी उघडल्याशिवाय कार्यक्रम सुरू झाला असं कुणी मानत नसे.

त्यांची मुलगी उत्पला सातवीत होती. उत्पला म्हणजे कमळ, असं सावळीराम प्रत्येकाला समजावून सांगत आणि प्रत्येक जण ते नीट समजून घेऊन तिला उप्पीच म्हणे. उप्पीला चालता येण्याआधी पेटीचा भाता ओढता येत होता, असं सुलाबाई सांगायच्या. ही अतिशयोक्ती होती, पण फार नव्हे. सावळीरामांचा सा म्हणजे काळी दोन, पेटीवरची दुसरी काळी पट्टी. पोरीला झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी तिने डोळे न उघडता काळी दोनचा सूर लावून दाखवला असता.

ते १९७७ साल होतं. दिल्लीतलं सरकार बदललं होतं आणि उप्पीच्या वर्गात एक नवा मुलगा आला होता. मोठी माणसं पहिल्या गोष्टीवर वाद घालत, मुलं दुसरीवर. मुलाचं नाव मंगळू भोये. गाव हरसूलच्या पलीकडचा एक पाडा, मुक्काम सरकारी वसतिगृहात. गुरुजींनी पहिल्या दिवशी हजेरी घेतली, तेव्हा तो उभा राहून 'हजर'ऐवजी 'हाय' म्हणाला आणि सगळा वर्ग खो खो हसला. उप्पीही हसली, खोटं कशाला सांगा. त्यानंतर मंगळूने तोंडाला जे कुलूप लावलं, ते पोळा होऊन गेला तरी उघडलं नाही.

उघडलं ते वालदेवीच्या काठावर. कॉलनीच्या शेवटच्या ओळीमागे नदीचा उतार होता. एका रविवारी उप्पी तिथे सरपण गोळा करायला गेली आणि तिच्या कानावर एक आवाज आला. सनईचा म्हणावा तर जाड, शंखाचा म्हणावा तर गोड. थोडा वेळ घुमायचा आणि मधेच पटकन तुटायचा. झाडाआड मंगळू बसला होता आणि त्याच्या गालांचे दोन फुगे झाले होते. हातात वाळलेल्या भोपळ्याचं, बांबूच्या नळ्यांचं आणि पुढे शिंग लावलेलं एक लांबलचक वाद्य होतं, सांधे मधमाश्यांच्या मेणाने लिंपलेले. उप्पीला पाहून त्याने ते खाली ठेवलं.

"हसायचं तर आत्ता हसून घे," तो म्हणाला. "मंग मला वाजवायचं हाय."

उप्पीला स्वतःची लाज वाटली. ती हसली नाही, समोरच्या दगडावर बसली आणि पुन्हा वाजव म्हणाली. असं कुणी म्हणेल याची मंगळूला बिचाऱ्याला कल्पनाच नव्हती. त्याने वाजवलं आणि मग हळूहळू सगळं सांगून टाकलं. इतक्या दिवसांचं साठलेलं होतं, त्यामुळे बोलताना तो दम घ्यायला थांबत नव्हता. वाजवताना मात्र थांबत होता आणि दुखणं नेमकं तेच होतं.

वाद्याचं नाव पावरी. ती त्याच्या आजाची, सोमाची. त्यांच्या पाड्यावर नवा भात घरात आला की पावरी वाजते आणि तिच्याभोवती सगळा पाडा फेर धरून नाचतो. पावरी वाजेल तोवर पाय चालतात. सूर तुटला की नाच जागीच बसतो आणि त्या साली पुन्हा उठत नाही, अशी त्यांच्याकडची रीत. म्हणून वाजवणारा गालांतल्या हवेने फुंकत राहतो आणि त्याच वेळी नाकाने नवा श्वास घेतो. सोमाचा सूर उभ्या जन्मात तुटला नाही, असं सगळे सांगत. पण आता सोमाला दमा लागला होता. पावरी अशा घरात टांगायची जिथे ती वाजवणारा असेल, हीसुद्धा रीतच. खालच्या पाड्याचा बारकू चांगला वाजवायचा. यंदा मंगळूने नाच शेवटपर्यंत नेला तर पावरी सोमाच्या घरात राहणार, नाहीतर बारकूच्या खुंटीला जाणार. आजाने पोराला शहरात धाडताना बिछान्याबरोबर पावरीही बांधून दिली होती.

वसतिगृहात वाजवायची सोय नव्हती आणि नदीवर वाजवून उपयोग होत नव्हता. नाकाने श्वास घ्यायला गेलं की गाल विसरायचे, गाल सांभाळले की नाक रुसायचं. सूर तुटला की मंगळूला वाटे, सगळा पाडा जागच्या जागी थांबून आपल्याकडे बघतोय. मग पुढचा श्वास आणखीच बिघडे.

उप्पी दोन दिवस विचार करत होती. ती पेटीवाल्याची पोर. तिला एवढं कळत होतं की एकट्याचा सूर तुटला तर तुटतो, पण मागे कुणी तोच सूर धरून ठेवला असेल, तर गाणारा बिनधास्त श्वास घेतो. दादा, म्हणजे सावळीराम, गाताना हेच तर ती करायची. पुढच्या वेळी सावळीरामांची दिवसपाळी होती, तेव्हा तिने सरावाला नेते म्हणून आईला सांगितलं आणि पेटी चादरीत बांधून मंगळूच्या मदतीने नदीवर नेली. सराव कुणाचा, हे तिने सांगितलं नाही आणि सुलाबाईंनी विचारलं नाही.

पण पेटीचं आणि पावरीचं पहिल्याच भेटीत जमेना. पावरीचा मुख्य सूर पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या बरोबर मधे पडत होता, म्हणजे जिथे पेटीला पट्टीच नाही. दोन्ही एकदम वाजवलं की झाडावरचे कावळे उठून जात. पावरीचा भोपळा काही वरखाली होणार नव्हता. तेव्हा मंगळूने पेटीत काय असतं ते विचारलं. उप्पीने दादांच्या हत्यारांतला स्क्रू ड्रायव्हर आणून पेटीची वरची फळी काढली आणि आतल्या पितळेच्या बारीक जिभा दाखवल्या, एकेका पट्टीला एकेक. मंगळूने काळी दोनची जीभ बोटाने हलवून पाहिली. त्यांच्याकडे पावरीच्या आतल्या जिभेचा सूर उतरवायचा असला की टोकाला मेणाचा ठिपका लावत. त्याने पावरीच्या सांध्यावरचं चिमूटभर मेण काढून पितळेच्या टोकाला चिकटवलं. काळी दोन खाली उतरली, आणखी थोडं लावलं, आणखी उतरली आणि अचानक पावरीत मिसळून अशी गेली की कोणती कुठे संपते ते कळेना. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्या दिवसापासून त्यांची गट्टी जमली.

मग नियमच ठरला. जाताना मेण लावायचं, परतताना काढायचं. उप्पी सूर धरून बसायची, मंगळू फुंकायचा. त्याचा सूर तुटला तरी कानात सूर चालूच असायचा. घाबरायला जागाच उरायची नाही. आठवडाभरात गाल आणि नाक यांच्यात समेट झाला. पुढे पुढे तर तो इतका वेळ वाजवायचा की उप्पीचा हात दुखून येई. फक्त दमत आला की एखाद्या ठिकाणी सूर अजून निसटायचा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दोघं रंगात आली होती आणि वेळेचं भान राहिलं नाही. पाळी सुटल्याचं उप्पीला समजलं ते उतारावरून सायकलची ओळखीची घंटी ऐकू आली तेव्हा. तिने घाईघाईने फळी बसवली, मागच्या दाराने पेटी आत नेऊन खुर्चीवर ठेवली, रुमाल टाकला. मेण काढायचं राहिलं. रात्री आठवण झाली तेव्हा दादा खुर्चीशेजारीच झोपले होते. सकाळी काढू म्हणाली, तर सकाळी पार्टीतली माणसं येऊन पेटी मंडपात घेऊनसुद्धा गेली.

मंडपात पेटी दिवसभर ऑक्टोबरच्या उन्हात तापली. मेण वितळून जिभेच्या फटीत उतरलं आणि संध्याकाळच्या गारव्यात तिथेच घट्ट झालं. सगळी कॉलनी समोर बसलेली, बायका पांढऱ्या लुगड्यांत, पुढे पोरासोरांची गर्दी. सावळीरामांनी वंदन केलं, भाता ओढला आणि काळी दोन दाबली. नुसती हवा फुसफुसली. पुन्हा दाबली, पुन्हा फुस. सगळे सूर हजर आणि सा तेवढा गैरहजर. ढोलकीवाले कोंडाजी ढोलकी काळी दोनला लावून तयार बसले होते. त्यांनी हातोडी तशीच हवेत धरली.

सावळीराम कच्चे नव्हते. त्यांनी सा उचलून शेजारच्या पांढरी तीनवर नेला, कोंडाजींनी कपाळाला आठ्या घालून ढोलकी पुन्हा चढवली आणि कार्यक्रम पार पडला. पण वरच्या सुरांत सावळीरामांच्या मानेच्या शिरा अशा ताठ झाल्या की पहिल्या ओळीतल्या म्हाताऱ्या काळजीत पडल्या. टाळ्या पडत होत्या आणि उप्पीला प्रत्येक टाळी आपल्या गालावर बसल्यासारखी वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सावळीरामांनी फळी काढली, जिभेच्या फटीतलं मेण नखाने उकरलं आणि हुंगून पाहिलं.

"माझा सा कुणी खाल्ला?" त्यांनी विचारलं.

उप्पीने सगळं सांगितलं. पावरी, नदी, मेण, काहीही लपवलं नाही. सावळीराम ओरडले असते तर बरं झालं असतं, पण ते ओरडले नाहीत. त्यांनी पेटीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि सहा महिने पेटीला हात लावायचा नाही एवढंच म्हणाले. उप्पी कोपऱ्यात बसून रडली. रडू पेटीसाठी कमी आणि मंगळूसाठी जास्त होतं, कारण दिवाळीच्या सुट्टीत नवा भात घरात येणार होता आणि त्याचा सूर दमल्यावर अजून निसटत होता.

मंगळूला वाटलं, आता ती यायची नाही. पण ती आली, रिकाम्या हातांनी. दगडावर बसली आणि म्हणाली, वाजव. त्याने फुंकायला सुरुवात केली तसा तिने तोंड मिटून गळ्यातच तो सूर धरला. इतके दिवस भाता ओढून ओढून तो तिच्या कानात पक्का बसला होता. काळी दोनच्या किंचित खाली, पेटीत नसलेला. पेटीसारखा तो लांबत नव्हता, पण मंगळूचा निसटला की तेवढी जागा भरून निघायची. तिचा श्वास संपला तर तोवर त्याचा आलेला असायचा. असं त्यांचं रोज चालू झालं.

एके दिवशी उप्पीने डोळे उघडले, तर उतारावर सायकल टेकवून दादा उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. मंगळूची पाचावर धारण बसली. सावळीराम खाली आले, पावरी हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली आणि पुन्हा वाजवायला सांगितलं. ऐकताना त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. मग हरसूलची एसटी किती वाजता सुटते ते विचारलं. पोरीचा बेसूरपणा त्यांनी कधी सहन केला नव्हता. पण तिने पेटीत नसलेला सूर इतका नेमका धरलेला पाहून आपल्याला गहिवरून आलं, हे त्यांनी त्याच दिवशी सुलाबाईंना सांगून टाकलं. उप्पीने ते भिंतीपलीकडून ऐकलं आणि दसऱ्यापासून अडकलेला तिचा जीव खाली पडला.

दिवाळीच्या सुट्टीत सावळीरामांनी स्वतः कुलूप काढलं आणि स्वतःच्या हाताने काळी दोनच्या जिभेवर मेण लावलं. तांदळाच्या दाण्याएवढं, अगदी टोकाला, फिटरच्या हाताने. ज्या सुरावर त्यांचं सगळं गाणं उभं होतं, तो त्यांनी एका पोरासाठी खाली उतरवला. मग पेटी मांडीवर घेऊन ते मुलांना घेऊन एसटीत बसले. त्र्यंबक मागे पडलं, डोंगर लागले आणि हरसूलहून पुढे तिघं पायी पाड्यावर पोचली.

सोमाआजा ओट्यावर बसला होता. काटकुळा, पांढऱ्या भुवयांचा, बोलता बोलता खोकणारा. त्याने पाहुण्यांना पाणी दिलं, नव्या तांदळाच्या भाकरी दिल्या आणि पेटीचं कौतुकही केलं. पण नाचात ती घ्यायची म्हटल्यावर त्याने मान हलवली.

"पेटी लय चांगली हाय," तो म्हणाला. "पन फेरात नाय चालायची. पावरीला जोडीदार नसतो."

सावळीरामांच्या कार्यक्रमात कुणी पावरी घेऊन घुसलं असतं तर त्यांनीही हेच म्हटलं असतं. त्यांनी पेटीवर चादर टाकली. मंगळूने उप्पीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. उंबऱ्याजवळ खालच्या पाड्याचा बारकू आधीच येऊन बसला होता. वाईट माणूस नव्हता तो. पण त्याचे डोळे पुन्हा पुन्हा पावरी टांगायच्या रिकाम्या खुंटीकडे जात होते.

उन्हं कलली तसा पाडा खळ्यात जमला. मंगळू मधे उभा राहिला आणि बायाबाप्यांनी एकमेकांच्या कमरेभोवती हात घालून फेर धरला. सोमाची म्हातारी झुंबरबाई, गोंदलेल्या हातांची आणि बोळक्या तोंडाची, तिने उप्पीला ओढून आपल्या शेजारी उभं केलं. पाय कसे टाकायचे ते सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही, दोन्ही बाजूंनी फेरच तिला ओढून नेत होता.

पावरी सुरू झाली. पहिला फेर, दुसरा, मग मोजणं सुटलं. मंगळूचे गाल फुगत होते, नाक चालत होतं, सूर डोंगरावर आपटून परत येत होता. उप्पीला वाटलं, पेटीवाचून काही अडत नाही. आणि मग तिला तो आवाज ओळखू आला, सुराच्या बुडाशी येणारी ती किंचित थरथर. नदीवर निसटण्याआधी अगदी अशीच यायची. मंगळूच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि हात गुंतले होते, पुसणार कसा.

सूर निसटला. उप्पीने विचार केला नाही. तोंड मिटूनच तिने तो गळ्यात उचलला आणि होता नव्हता तेवढा दम त्यात घातला. एक पाऊल, दुसरं पाऊल. कुणाचे पाय थांबले नाहीत. तिसऱ्या पावलाला पावरी पुन्हा वर आली आणि तिच्या सुराला येऊन मिळाली. शेवटाकडे आणखी एकदा असंच झालं आणि तेव्हाही फेर चालत राहिला. मग सोमाने हात वर केला, मंगळूने पावरी तोंडापासून काढली आणि पाडा खाली बसला. थकून बसला, सूर तुटला म्हणून नाही.

बारकू उठला, मंगळूच्या पाठीवर थाप मारून पोऱ्याचा दम चांगला आहे म्हणाला आणि भाकरी खायला गेला. सोमाने पावरी पुसली आणि आपल्याच घराच्या खुंटीला टांगली. सगळं मनासारखं झालं होतं, तरी मंगळूचा चेहरा उतरलेलाच होता. खोटं त्याच्या पोटात राहत नसे. आजाजवळ जाऊन तो म्हणाला, सूर दोनदा तुटला होता, पावरी बारकूला द्या.

सोमा छपराकडे बघत राहिला. बोलली ती झुंबरबाई.

"तुझ्या आजाचा दर साली तुटायचा," ती म्हणाली. "माझं लगीन झालं त्या सालापासून मी फेरात उभी राहून भरत आले. इचार त्याला."

सोमाला खोकल्याची मोठी उबळ आली, जरा जास्तच मोठी. ती ओसरल्यावर पांढऱ्या भुवयांखाली तो हसला. पावरीला जोडीदार नसतो असं म्हणणारा तो म्हातारा लहान पोरासारखा पकडला गेला होता. सावळीरामांनी हसू लपवायला पेटीच्या चादरीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

झुंबरबाईने उप्पीचा हात आपल्या गोंदलेल्या हातात घेतला.

"आज बी मी भराया तोंड उघडलं, तर तू आधीच भरला होता," ती म्हणाली. "मंग मी माझं तोंड मिटलं. म्हटलं, आता मी नुसती नाचते. लगनापासून आज पयल्यांदा नुसती नाचले."

उप्पीला रडू येत होतं आणि ते आनंदाचं होतं, एवढं मात्र तिला पक्कं कळत होतं. मंगळू तिच्याजवळ येऊन बसला आणि त्याने अर्धी भाकरी तिच्या हातावर ठेवली.

घरी परतल्यावर सावळीरामांनी फळी काढून सा पुन्हा जागेवर आणला. काढलेलं मेण त्यांनी फेकलं नाही. कागदाच्या पुडीत बांधून पेटीच्या कोपऱ्यात ठेवलं आणि पुढल्या दिवाळीच्या सरावाला लागेल म्हणून उप्पीला बजावलं.